कला आणि वारसा संवर्धनात काम करायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी निकाल लागले की फोन सुरू होतात. कधी एखादी मुलगी, कधी तिचे बाबा, कधी निवृत्त झालेले मास्तर. मी पुण्यात कागदाच्या संवर्धनाचं काम करते: पोथ्या, पत्रं, नकाशे, जुनी छापील चित्रं. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. कागदाबद्दल जरा जास्तच बोलले असेन, ते चालवून घ्या.

संवर्धन म्हणजे जुनी वस्तू नव्यासारखी करणं ना?

नाही. गिऱ्हाइकालाही पहिल्याच भेटीत हे सांगावं लागतं. वस्तू आज ज्या अवस्थेत आहे तिथून तिची घसरण थांबवणं, निदान मंदावणं, हे मुख्य काम. फाटलेलं सांधायचं, पण जवळून पाहिलं तर सांधा दिसला पाहिजे. गेलेला मजकूर आपल्या अकलेने भरायचा नाही. आणि आपण जे काही लावू ते उद्या दुसऱ्या कुणाला काढता आलं पाहिजे.

ही शेवटची अट कशासाठी, ते अजिंठ्याला कळतं. १९२०-२२ च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोघा तज्ज्ञांना बोलावलं. भिंतीपासून सुटत चाललेला गिलावा त्यांनी पक्का केला, ते चांगलंच झालं. पण चित्रांवर त्यांनी लाखेचं व्हार्निशही दिलं. त्याआधी प्रती काढणाऱ्या चित्रकारांनी रंग उठून दिसावेत म्हणून व्हार्निश फासलं होतंच. लाख पिवळी पडली, मग तपकिरी झाली, तिच्यावर धूळ बसली. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांची कित्येक वर्षं तो थर इंच-इंच उतरवण्यात गेली. चेक्कोनी अडाणी नव्हता. त्या काळी उत्तम मानलं जाणारंच त्याने लावलं. आम्हीही तेच करतो, म्हणून तर भीती वाटते.

शाखा बऱ्याच आहेत. मी कुठली निवडू?

कागद आणि पोथ्या, तैलचित्रं, भित्तिचित्रं, कापड, धातू, दगड, लाकूड, छायाचित्रं, फिल्म. आणि इमारतींचं तर वेगळंच घराणं. लोक ‘स्कोप कशात आहे’ विचारतात. मी उलटं विचारते: कुठली वस्तू सलग सात तास समोर ठेवली तर तुम्हाला कंटाळा येणार नाही?

मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे एक मोडी पत्र आलं, दोन वितींएवढं. किडीने पार चाळण केलेली. मोजली तर एकशे चाळीसच्या वर भोकं. एकेका भोकाला जपानी टिश्यूचा, म्हणजे लांब तंतूंच्या पातळ कागदाचा, तुकडा लावायचा. तो कात्रीने कापायचा नाही, ओल्या ब्रशने रेघ ओढून फाडायचा, म्हणजे कडेचे तंतू मोकळे होतात आणि मूळ कागदात मिसळतात. गव्हाची पातळ खळ, चिमटा, वरून ब्लॉटिंग आणि वजन. मग पुढचं भोक. तीन दिवस गेले. न्यायला आलेले गृहस्थ पत्र उलटंसुलटं करून म्हणाले, “यात केलंत काय?” मला ती शाबासकी वाटली. तुम्हाला तो अपमान वाटला असता, तर आधी विचार करा.

बारावीला विज्ञान लागतंच का?

पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या विज्ञान शाखेत जायचं असेल तर लागतं. तिथे रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीवाल्यांना घेतात, वरची पदं केंद्रीय लोकसेवा आयोगामार्फत भरतात. या शाखेचं मुख्यालय देहरादूनला, आणि अजिंठा-वेरूळमुळे छत्रपती संभाजीनगरलाही तिचं मोठं काम चालतं. बाकी ठिकाणी कला किंवा इतिहासाच्या मुलांनाही प्रवेश मिळतो. पण आम्ल म्हणजे काय, कागद पिवळा का पडतो, कुठला द्रावक कुठला रंग उचलतो, हे शिकावंच लागतं. दहावीनंतर रसायनाशी काडीमोड घेतलेल्यांनी पहिलं वर्ष रडत काढलेलं मी पाहिलं आहे. निभावतात मात्र.

वनस्पतिशास्त्रवाल्यांनीही हे दार बंद समजू नये. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेलं संशोधन एका पुरातत्त्व रसायनतज्ज्ञाने आणि एका वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाने मिळून केलं होतं.

माझी चित्रकला उत्तम आहे. तेवढ्यावर जमेल?

हात तयार आहे, हे चांगलंच. पण चित्रकाराला स्वतःची रेघ आवरत नाही, आणि इथे तीच आवरायची असते.

शिकायचं कुठे?

मुंबईतच पाहायचं तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. तिथली कला संवर्धन प्रयोगशाळा देशातल्या चांगल्या प्रयोगशाळांपैकी आहे आणि वस्तुसंग्रहालयशास्त्र व संवर्धन यांची पदव्युत्तर पदविकाही तिथे करता येते. पूर्ण पदवी हवी असेल तर नोएडाची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेज, म्हणजे पूर्वीचं दिल्लीचं नॅशनल म्युझियम इन्स्टिट्यूट. तिथे संवर्धनात एमए आहे. लखनौची एनआरएलसी ही केंद्र सरकारची संवर्धन प्रयोगशाळा, १९७६ ची. तिचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण बऱ्याच जणांच्या बायोडेटावर दिसेल. दक्षिणेत तिचं केंद्र मैसूरला आहे. इन्टॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेची संवर्धन केंद्रं निरनिराळ्या शहरांत आहेत. तिथे पदवीपेक्षा इंटर्नशिप मागा.

ग्रंथपाल किंवा अभिलेखागारात काम करणाऱ्यांसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे सहा-आठ आठवड्यांचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम आहेत. नोकरी सांभाळून जाता येतं, आणि एवढ्यात हाताला बऱ्यापैकी वळण लागतं. पुरातत्त्वाकडे ओढा असेल तर पुण्याचं डेक्कन कॉलेज आहेच. पण एक लक्षात ठेवा: पुरातत्त्व म्हणजे संवर्धन नव्हे. वस्तू वर काढणारा वेगळा, ती टिकवणारा वेगळा. घरच्यांना हे समजावून सांगणं कठीण जातं, मला अजूनही जातं.

प्रवेश घेण्याआधी एकच चौकशी करा: वर्षभरात खऱ्या वस्तूवर हात ठेवायला किती दिवस मिळतात? नुसत्या स्लाइड दाखवणारे कोर्सही आहेत आणि त्यांची फी कमी नसते.

मी आर्किटेक्ट आहे. मला काय वाव आहे?

सगळ्यांत जास्त वाव तुम्हालाच आहे. दिल्लीचं एसपीए (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर), अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ इथे वास्तुसंवर्धनाचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. मुंबईत वारसा इमारतींची नियमावली १९९५ पासून आहे. यादीतल्या इमारतीत फेरफार करायचे तर परवानगी लागते, आणि परवानगीसाठी कागदपत्रं तयार करणारा जाणकार लागतो. २०१८ साली दक्षिण मुंबईच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारती जागतिक वारसा यादीत गेल्या. भायखळा स्टेशनच्या कामाला २०२२ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीच्या कामालाही मिळाला.

पण पुरस्कारवाल्या इमारतींआधी जुन्या गोव्याला जाऊन बॉम जेझूची बासिलिका पाहून या. तिचा लालसर उघडा दगड पर्यटकांना फार आवडतो. तो मुळात उघडा नव्हताच, त्यावर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात एका पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाने तो उतरवला, का तर इमारत जास्त जुनी दिसावी. जांभा दगड सच्छिद्र, त्यात कोकणपट्टीचा पाऊस. तेव्हापासून तो झिजतोच आहे. आता गिलावा परत द्यावा म्हटलं तर लोकांना ‘मूळ रूप’ बिघडेल असं वाटतं. वास्तुसंवर्धनातली सगळी भांडणं या एका भिंतीवर शिकायला मिळतात.

आम्ही पोरं मिळून किल्ल्यांवर काम करतो. त्यात करिअर होईल?

होऊ शकतं, आता तर आणखीच. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले: ११ आपले आणि तमिळनाडूतली जिंजी. आराखडे, मोजणी, ड्रोनने नोंदणी, चुन्याचं काम, माहितीफलक, या सगळ्याला माणसं लागणार.

मात्र संरक्षित किल्ल्यावर परवानगीशिवाय दगडही हलवू नका, हेतू कितीही चांगला असला तरी. प्लास्टिक उचला, पाणवठ्यातला गाळ काढायचा तर परवानगीने आणि नोंद ठेवून काढा. तटबंदीत रुजलेलं झाड उपटू नका, मुळाबरोबर दगड बाहेर येतो. आणि सिमेंट तर नकोच. चुना श्वास घेतो, म्हणजे भिंतीतली ओल त्यातून बाहेर पडते. सिमेंटने ती कोंडली की क्षार आत साठतात आणि शेवटी दगडाचेच पापुद्रे सुटतात. कित्येक गडांवर चुन्याच्या घाण्याचं दगडी चाक अजून पडलेलं असतं, त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढतो आपण. त्या चुन्यात गूळ, बेलफळ, हिरडा असं काय काय घालत. ते प्रमाण जाणणारा आणि हाताने मळून दाखवणारा गवंडी आज आर्किटेक्टपेक्षा दुर्मीळ आहे. तुमच्यापैकी कुणी गवंडीकामाच्या घरातलं असेल तर त्याने पदवीच्या मागे लागण्याऐवजी चुना शिकावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

अधिकृतपणे काम करायचं तर राज्य पुरातत्त्व संचालनालयाची संगोपन योजना आहे, ‘महाराष्ट्र वैभव’. संस्थांना तिच्यातून राज्यसंरक्षित स्मारक सांभाळायला घेता येतं.

नोकऱ्या नेमक्या कुठे असतात?

वस्तुसंग्रहालयं, पुरातत्त्व खातं, अभिलेखागारं, विद्यापीठांची ग्रंथालयं ही माहितीतली नावं. सरकारी जागा थोड्या, आणि जाहिरात कधी येईल सांगता येत नाही. म्हणून लोकांच्या लक्षात न येणाऱ्या जागा सांगते. मोठ्या कंपन्यांची स्वतःची अभिलेखागारं आहेत: टाटांचं पुण्यात, गोदरेजचं विक्रोळीत. रिझर्व्ह बँकेचंही पुण्यातच. लिलावगृहं आणि चित्रांच्या गॅलऱ्यांना प्रत्येक चित्राचा अवस्था-अहवाल लागतो. देवस्थानं आहेत, जुनी वाचनालयं आहेत, संस्थानिकांची घराणी आहेत. पुण्याच्या भांडारकर संस्थेसारख्या किंवा भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणी पोथ्या आणि कागदांचं काम न संपणारं आहे.

पैसे मिळतात का? खरं सांगा.

सुरुवातीला कमी. पहिली दोन-तीन वर्षं मानधनावर आणि प्रकल्पावर जातात, प्रकल्प संपला की पुढचा मिळेपर्यंत खिसा रिकामा. घरून थोडा आधार असेल तर सोपं जातं. हे कुणी उघड बोलत नाही म्हणून मी बोलते. खासगी काम सुरू झालं की सुधारतं.

फी लावताना वस्तूच्या बाजारभावाची टक्केवारी धरू नका. एकदा ती सवय लागली की वस्तू महाग दिसावी असं आपल्यालाही वाटायला लागतं. तास मोजा, साहित्य मोजा, तेवढं लावा. काम हातात घेण्याआधी चारही बाजूंनी फोटो, मागची बाजूसुद्धा, आणि लेखी अहवाल: कुठे डाग, कुठे फाटलं, काय करणार, काय करणार नाही. त्यावर मालकाची सही. ‘हा डाग आधी नव्हता’ हे वाक्य प्रत्येकाला एकदा तरी ऐकावं लागतं.

मोडी येत असेल तर उपयोग होतो?

फार. पुण्याच्या पेशवे दप्तरात हजारो रुमाल आहेत. कपड्यात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्याला तिथे रुमालच म्हणतात. त्यातला कागद सुटा झाला की कुठला कुठे लावायचा, हे वाचता आल्याशिवाय कसं कळणार? तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातही भोसल्यांच्या काळातली मोडी कागदपत्रं आहेत, आणि तिथे मोडी वाचणारा मिळणं आणखी अवघड. राज्याचा पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो.

मूर्तीला वज्रलेप करणं हेही यातच येतं का?

येतं, आणि सगळ्यांत नाजूक काम तेच. कोल्हापूरची अंबाबाई, पंढरपूरचा विठोबा यांच्या मूर्तींवर पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांनी उपचार केले, ते बातम्यांतून आपण वाचलं. शतकानुशतकं दूध, दही, मध, साखर यांचे अभिषेक झाले की दगड झिजतो. वस्तुसंग्रहालयातल्या मूर्तीला हात लावू नका म्हणता येतं, गाभाऱ्यातल्या देवाबाबत पुजारी, भाविक, न्यायालय या सगळ्यांना धरून चालावं लागतं. नुसतं रसायन येऊन भागत नाही.

फिल्मच्या जतनात काय आहे?

पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, आता ते एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झालं आहे. मुंबईची फिल्म हेरिटेज फाउंडेशन ही संस्था प्रशिक्षण कार्यशाळा घेते. जुन्या रिळाचा डबा उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला तर ॲसिटेट फिल्म सडायला लागली असं समजायचं. ते रीळ आधी बाजूला काढायचं, कारण त्याची वाफ शेजारच्या रिळांनाही बिघडवते.

परदेशी शिकायला मदत कुठून मिळते?

चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट वारसा संवर्धनाला खास मदत करतो. फुलब्राइट-नेहरूच्या पदव्युत्तर शिष्यवृत्तीतही हा विषय बसतो. रोमच्या इक्रॉम या आंतरराष्ट्रीय संवर्धन संस्थेचे छोटे अभ्यासक्रम काम करणाऱ्यांसाठी असतात. माझा सल्ला असा की इथे दोन वर्षं काम करून जा. तिथले लोक थंड, कोरड्या हवेतल्या वस्तूंबद्दल शिकवतात. जुलैतल्या दादरच्या हवेत तीच युक्ती चालत नाही, हे ओळखायला आधी दादरचा जुलै काढलेला असावा लागतो.

आजोबांची चित्रांची पोथी आहे. विकता येईल? मुलाकडे अमेरिकेत पाठवता येईल?

१९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते. ऐतिहासिक, वाङ्मयीन वगैरे मोल असलेल्या हस्तलिखितासाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. काही प्रकारच्या वस्तूंची नोंदणी सक्तीची आहे. संवर्धकाने हे स्वतःसाठीही माहीत करून घ्यावं. संशयास्पद मूर्ती ‘जरा साफ करून द्या’ म्हणून आपल्याच टेबलावर येते.

तुमच्या हातून कधी वस्तू बिघडली आहे का?

हो. शिकत असताना एका संस्थेत मला जुन्या ग्रंथाचं मुखपृष्ठ धुवायला दिलं. छापील शाई पाण्याने पसरत नाही, हे पाहून घेतलं आणि पान पाण्यात सोडलं. कोपऱ्यात वाचनालयाचा जांभळा रबरी शिक्का होता, त्याची चाचणी राहिली. दोन मिनिटांत जांभळा ढग पानभर. सरांनी पान काढलं, ब्लॉटिंगवर ठेवलं आणि म्हणाले, “अहवालात लिही.” ते लिहिणं ओरडा खाण्यापेक्षा जड गेलं. आता मी पानावरच्या प्रत्येक रंगाला कोपऱ्यात थेंब लावून पाहते, पेन्सिलीच्या खुणेलासुद्धा.

पुरात भिजलेल्या पुस्तकांचं काय करायचं?

हा प्रश्न करिअरचा नाही, पण पावसाळ्यात हाच सर्वांत जास्त येतो. जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरलं, तेव्हा तर फोन ठेवायला उसंत नव्हती. पुस्तकं उन्हात टाकू नका, पानं वाकडी होऊन कडक बसतात. भिजल्यापासून दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून घाई करा. थोडी असतील तर पंख्याखाली उभी ठेवा, मधे मधे कोरा टीपकागद घाला, तो बदलत राहा. पुष्कळ असतील तर बटर पेपरात गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवा. होय, घरातल्यासुद्धा. बुरशी थांबते आणि सवडीने चार-चार बाहेर काढून वाळवता येतात. गुळगुळीत कागदाची पुस्तकं मात्र ओलसर असतानाच सोडवा. एकदा वाळली की त्यांची वीट होते.

घरी बसून सराव काय करू?

रद्दीतलं जुनं पुस्तक घ्या आणि सांधायला लागा. कुणाचंही मोलाचं काही हातात घेऊ नका. सेलोटेप घरातून हद्दपार करा. बांधणीवाल्याची मैद्याची खळ नको. त्यात कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात आणि तांब्याने कागद आणखी लवकर कुजतो.

आम्हाला लागते ती खळ म्हणजे दुसरं-तिसरं काही नसून कुरडयांचा चीकच. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून तळाशी जो पांढरा साका बसतो, तो. तो वाळवून ठेवायचा. लागेल तेव्हा एक चमचा चार-पाच चमचे पाण्यात भिजवून मंद आचेवर अर्धा तास घोटायचा, हात न थांबवता, पांढरा रंग जाऊन काचेसारखा होईपर्यंत. गार झाला की बारीक चाळणीतून दोनदा काढायचा, मग थोडं पाणी घालून ब्रशने सैल करायचा. दुधाइतका पातळ हवा. माझी आई पहिल्यांदा बघत होती, तिने सवयीने त्यात मीठ आणि हिंग टाकलं. ती खळ आम्ही खाल्ली.